अकरा जणांची फुंकर

खाणीवर जायच्या चढाला दादा त्या सकाळी तीनदा थांबला. पहिल्यांदा वहाणेचा अंगठा नीट करायला, दुसऱ्यांदा खाली रस्त्यावर कोणाची गाडी चाललीय ते बघायला, आणि तिसऱ्यांदा कारणच सापडेना म्हणून नुसताच. गेले दोन महिने हे असं चाललं होतं. थांबायलाही माणसाला निमित्त लागतं, आणि दादाची निमित्तं आता संपत आली होती. त्याच्यामागून येणारा त्याचा धाकटा भाऊ थांबला. धाकट्यामागून डोक्यावर टोळीच्या पिण्याच्या पाण्याचा हंडा घेऊन येणारी दादाची बायकोही थांबली. तिघंही उन्हात उभी राहून दादाच्या छातीतली बारीक शीळ ऐकत होती आणि कोणीच कोणाकडे बघत नव्हतं.

“चला,” दादा म्हणाला. “भोंगा होईल.”

धाकट्याला सगळी खाण भाता म्हणायची. छातीच तशी होती, लोहाराच्या भात्यासारखी. चाळिशी ओलांडली तरी गडी एका दमात चढ चढायचा आणि वर जाऊन खालच्यांना हाका मारायचा. त्याची बायको पाच वर्षांमागे गेली, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून तो भावाच्या घरी जेवत होता आणि वहिनीचे टोमणे खात होता. वहिनी टोमणे मनापासून मारायची आणि वाढायचीही मनापासून, त्यामुळे त्याचं बरं चाललं होतं.

खाण सरकारी रस्ते खात्याची. डोंगर फोडायचा, दगड यंत्रात टाकायचे, खाली खडी पडायची ती गाडीत भरून द्यायची. यंत्राच्या वरच्या अंगाला एक चौकोनी खड्डा होता, त्याला सगळे तोंड म्हणत. दोन माणसं तोंडाच्या काठावर उभी राहून अडकलेले दगड पहारीने आत लोटायची. आतून दगडाचं पीठ उसळून वर यायचं आणि माणसाच्या नाकातोंडात बसायचं. मागच्या उन्हाळ्यापर्यंत तोंडावर पाण्याचा फवारा होता. पीठ ओलं होऊन खाली बसायचं, कपडे चिखलाने भरायचे, वहिनी बोलायची, पण श्वास घेता यायचा. मग एक दिवस खात्याची माणसं आली आणि पंपासकट फवारा सोडवून घेऊन गेली. का, ते कोणी विचारलं नाही. पक्की नोकरी होती. पक्क्या नोकरीतला माणूस वर का म्हणून विचारत नाही.

या यंत्रावर अकरा जणांची टोळी, आणि अकराही जण खाणीमागच्या वस्तीतले. गावातली माणसं रोडरोलरवर, गाडीवर, वजनकाट्यावर, फाटकावर. वस्तीतली माणसं तोंडावर. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. कधीतरी एका साहेबाने म्हटलं होतं, “तुमच्या लोकांना धूळ मानवते,” आणि ते इतकं सगळ्यांच्या सोयीचं होतं की पुढे कोणी तपासून बघितलं नाही.

त्या दिवशी तोंडावर दादा आणि टोळीतला हडकुळ्या होते. भाता खाली, वारा येतो त्या बाजूला, खडीच्या ढिगावर फावडं चालवत होता. तो नेहमी तिथेच असायचा. तोंडावरची त्याची पाळी गेल्या सहा वर्षांत त्याने एकदाही केली नव्हती. आळशी होता म्हणून नव्हे. टोळीनेच तसं ठरवलं होतं.

आता हे ठरलं कसं, ते सांगायला हवं.

सात वर्षांमागे खात्याने नवा नियम काढला. दर वर्षी प्रत्येक नोकराची फुकट तपासणी, रोग होण्याआधीच ओळखायचा, प्रत्येकाला आरोग्याचं कार्ड, कार्डावर फोटो, आणि गरज पडली तर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात खात्याच्या खर्चाने इलाज. चांगलाच नियम होता. कचेरीतल्या लोकांना खुर्चीवर बसवून, पडद्यामागे नेऊन तपासलं. डोळे बघितले, रक्त काढलं, पोट दाबलं. यंत्रावरच्या टोळीसाठी तपासनीस खाणीवर आला, हत्यारांच्या शेडमध्ये एक टेबल टाकून बसला आणि प्रत्येकाला एका नळीत फुंकायला लावलं. नळीला काटा होता. जेवढा दम तेवढा काटा वर. टोळीने त्या यंत्राचं नाव फुंकणी ठेवलं.

त्या पहिल्या वर्षी टोळीतल्या दोघांचा काटा अर्ध्यावरच राहिला. महिन्याने दोघांना कागद आला, कामास अपात्र. त्याच वर्षी रोलरवरचे तिघं गावकरीही नापास झाले होते. त्यातला एक आता वजनकाट्यावर सावलीत बसतो आणि दोघं फाटकाचा बांबू वरखाली करतात. वस्तीतल्या दोघांना हलकं काम का नाही, असं टोळीच्या मुकादमाने जाऊन विचारलं, तेव्हा जागा नाही म्हणाले. दोघंही घरी बसले. एक पुढच्याच पावसाळ्यात खोकून खोकून मेला.

तेव्हापासून टोळीने तपासणीचा धसका घेतला. दुसऱ्या वर्षी मुकादमाने, म्हणजे टोळीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाने, भात्याला बाजूला घेतलं. “तुझी छाती देवाने दिलीय,” तो म्हणाला. “जरा वाटून दे.”

शेडला पुढे एक दार आणि मागे एक. तपासनीस तोंडाला फडकं बांधून, खाली मान घालून बसायचा. अकरा माणसं सरळ कामावरून यायची, डोक्यापासून पायापर्यंत करडी, भुवया करड्या, पापण्या करड्या. तो नंबर पुकारायचा, भाता पुढच्या दाराने आत जायचा, फुंकायचा, मागच्या दाराने बाहेर पडायचा, टोपी बदलायचा आणि वळसा घालून पुन्हा पुढे यायचा. अकरा टोप्या, अकरा फुंकरी. तपासनिसाने एकदाही मान वर केली नाही.

भात्याने त्यात कसबही कमावलं. मुकादमासाठी वयाच्या मानाने थोडं सोडून फुंकायचा, हडकुळ्यासाठी जरा जोरात. नवव्या-दहाव्याला डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, मग शेडमागे वहिनी साखरेचं पाणी घेऊन उभी असायची. एका वर्षी तपासनीस खूष होऊन म्हणाला, “तुमच्या वस्तीच्या लोकांची छाती दणकट. सगळ्यांची सारखी.” त्यावर टोळी महिनाभर हसली.

पण छाती वाटायची तर ती जपायलाही हवी. म्हणून भात्याला तोंडावर जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. त्याची पाळी कोणी करायची यावर वाद होणार, तेवढ्यात दादा म्हणाला, “माझा भाऊ आहे, मी करतो.” तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस स्वतःचे आणि दोन दिवस भात्याचे, असे चार दिवस दादा तोंडावर.

दुपारच्या सुट्टीत दादा जेवला नाही. डबा तसाच झाकून वहिनीकडे परत दिला. पुन्हा पहार उचलायला गेला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उभा राहिला तो उभाच राहिला. हडकुळ्याने त्याला धरून खाली आणलं. खोकला थांबला तेव्हा त्याच्या ओठांचा रंग बदललेला भात्याने बघितला.

“उद्या कार्ड घेऊन दवाखान्यात जायचं,” वहिनी म्हणाली. “हे येणार नसतील तर मी उचलून नेईन.”

खात्याचा दवाखाना तालुक्याला, कचेरीच्या मागे होता. आत बाकं होती. वस्तीतली माणसं बाकांवर बसायची नाहीत, खिडकीशी उभी राहायची. वहिनीने दादाला बाकावर बसवलं आणि आजूबाजूच्यांनी सरकून जागा केली, जरा जास्तच केली. नंबर लागायला दोन तास गेले. कार्डावरचा फोटो दादाचा होता, पण तोही धुळीतूनच काढलेला, कोणाचाही म्हणून खपला असता.

डॉक्टरसाहेबांनी आधी फाईल उघडली. बराच वेळ वाचली. मग दादाकडे बघितलं, फाईल वाचून झाल्यावर बघतात तसं.

“छाती उत्तम आहे तुझी,” ते म्हणाले. “सहा वर्षं सलग. माझी इतकी चांगली नसेल. तंबाखू खातोस?”

“नाही साहेब.”

“सगळे असंच म्हणतात. खोकल्याचं औषध देतो. रात्री गरम पाणी घे.”

“साहेब, कान लावून बघा ना जरा,” वहिनी म्हणाली. “शीळ वाजते हो आत. चढावर मला ऐकू येते.”

“बाई, यंत्राला माझ्या कानापेक्षा जास्त कळतं.”

“मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी द्या मग. तिथे बघू देत.”

“चिठ्ठी तपासणीच्या आकड्यावर मिळते. आठ दिवसांनी यंदाची तपासणी आहेच. आकडा पडला तर देईन, मला काय जातंय द्यायला. पुढचा.”

भाता दाराशी उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. सहा वर्षं दादाच्या नावावर त्याने जोरकस फुंकलं होतं. भाऊ म्हणून दोन रेघा जास्तच.

बाहेर औषधाच्या खिडकीवरचा कारकून बोलका होता. बाटली देताना म्हणाला, “यंत्रावरच्या टोळीतले ना तुम्ही? तुमचं नाव आहे हो वरपर्यंत. सगळ्या खात्यात सगळ्यात निरोगी टोळी. साहेबांनी अहवालात लिहिलंय.”

“हो का,” भाता म्हणाला.

“नाहीतर काय. म्हणून तर तुमचा फवारा काढून दुसऱ्या खाणीला दिला. तिथली माणसं सारखी नापास होतात. तुम्हाला त्याची गरज नाही असं आकड्यांवरूनच दिसत होतं. मास्कसुद्धा तिकडेच पाठवले.”

वहिनीने बाटली पदरात बांधली. भात्याला वाटलं होतं आता बोलेल, पण ती गाडी येईपर्यंत बोलली नाही, गाडीत बोलली नाही, आणि घरी येऊन चूल पेटेपर्यंतही बोलली नाही. तिच्या टोमण्यांची सवय असलेल्या माणसाला ते फार जड गेलं.

मग विस्तवाकडे बघत म्हणाली, “भावजी, यंदा यांच्या नावाने फुंकू नका.”

“मी कसा नाही म्हणू वहिनी, टोळीने ठरवलंय.”

“टोळीला सांगा.”

“कोणी काही सांगायचं नाही,” दादा भिंतीला टेकून बसला होता तिथून म्हणाला. बोलताना तो आता शब्द वेचून वेचून बोलायचा, एका दमात मावतील तेवढेच. “माझे चौदा महिने राहिलेत. मग पुरी पेन्शन. आता आकडा पडला तर घरी बसवतील.”

“चौदा महिने टिकाल का?” वहिनी म्हणाली.

भात्याने भावाच्या मानेकडे बघितलं. गळ्याखाली खळगा पडत होता आणि भरत होता, पडत होता आणि भरत होता. तोंडावरचे निम्मे दिवस माझे, असं त्याच्या मनात आलं, आणि तो हात धुवायचं निमित्त करून बाहेर गेला. बाहेर त्याला रडू आलं. आवाज होऊ नये म्हणून त्याने तोंडावर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मुकादमाने टोळीला ढिगाच्या सावलीत बसवलं. फवाऱ्याची गोष्ट भात्याने सांगितली तेव्हा सगळे एकदम बोलले.

“आपलीच फुंकर आपल्याला बाधली म्हणायची,” एकजण म्हणाला.

“झालं ते झालं,” हडकुळ्या म्हणाला. त्याला तीन लेकरं होती, आणि तोही सकाळी उठून आधी अर्धा तास खोकायचा. “यंदा खरं फुंकलं तर सात जण घरी बसतील. मी पहिला.”

“आणि सहा वर्षं खोटं फुंकलं म्हणून उरलेले चार तुरुंगात,” आणखी कोणीतरी म्हणालं.

मुकादमाने काडीने जमिनीवर रेघा ओढल्या. “दादाचं काम आपण वाटून घेऊ,” तो म्हणाला. “त्याने नुसतं यायचं, सावलीत बसायचं. चौदा महिने काढू कसेतरी. भाता सगळ्यांचं फुंकेल, दादाचंही.” मग भात्याकडे न बघता म्हणाला, “मला कळत नाही असं नाही रे. पण मला अकरा घरं दिसतात.”

भात्याने फावडं उचललं. खालच्या बाजूला वहिनी घमेल्यात पाणी ओतत होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

मधले दिवस असेच गेले. दादा सावलीत बसायला तयार नव्हता. बसलेलं गावातल्या गाडीवाल्यांनी बघितलं तर वर कळवतील म्हणून तो हातात फावडं धरून उभा राहायचा आणि कोणी आलं की दोन दगड हलवायचा. ऊन वाढत होतं. फवाऱ्याचा पाइप काढून नेला होता तिथला खिळा तेवढा भिंतीत राहिला होता, त्यावर माणसं आता सदरे टांगत. दादाचा सदराही तिथेच टांगलेला असायचा. रोज संध्याकाळी तो काढताना त्याला हात वर नेववत नव्हता, म्हणून भाता काढून द्यायचा आणि दोघंही जणू काही झालंच नाही असं दाखवायचे.

तपासणीच्या दिवशी दहा वाजता तपासनीस आला. शेडमध्ये टेबल मांडलं, फुंकणी काढली, तोंडाला फडकं बांधलं. टोळी सरळ कामावरून आली, नेहमीसारखी करडी. भात्याच्या खिशात टोप्या होत्या. वर दादाची.

वहिनी पुढच्या दाराशी हंडा घेऊन उभी होती.

“साखरेचं पाणी मागच्या दाराला,” मुकादम हळूच म्हणाला.

“साखरेचं नाही,” ती म्हणाली. तिने दादाला हाताला धरून जवळ घेतलं, ओंजळभर पाणी घेतलं आणि चारचौघांसमोर त्याचं तोंड धुतलं. कपाळ, भुवया, गाल, कान. पदराने पुसलं. दादाने तिचा हात धरायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात त्याला खोकला आला आणि तो हात तसाच तिच्या मनगटावर राहिला. टोळीतल्या माणसांनी नजर फिरवली. बायकोने नवऱ्याचं असं सगळ्यांदेखत करावं, याची त्यांना लाज वाटली, आणि तो चेहरा बघवला नाही हेही होतं. धुळीखाली माणूस इतका वाळला होता हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

“प्यायचं पाणी आहे ते,” मुकादम म्हणाला.

“माहीत आहे. मीच आणलंय.”

आतून आवाज आला, “एकशे नऊ.” तो दादाचा नंबर. भात्याचा हात खिशातल्या टोपीवर होता. धुतलेल्या तोंडाचा दादा दारात उभा, सगळ्या करड्या माणसांत एकटाच वेगळा दिसणारा. त्याने भात्याकडे बघितलं, मान हलवली, नको अशी की जा अशी, ते भात्याला शेवटपर्यंत कळलं नाही. भात्याने टोपी काढली नाही. दादा आत गेला.

काटा एकशे ऐंशीवर गेला आणि थांबला.

“नीट फुंक,” तपासनीस म्हणाला. दादाने पुन्हा फुंकलं. एकशे सत्तर. तिसऱ्यांदा तो फुंकायच्या आधीच खोकला.

बाहेर मुकादम हंड्याकडे बघत होता. सगळ्यांना वाटलं आता तो वहिनीवर ओरडेल. त्याने डोक्याचं फडकं सोडलं, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, “घाल.” वहिनीने पाणी घातलं. म्हातारा तोंड धुऊन आत गेला. दोनशे नव्वद. त्याच्यामागून आणखी एक गेला, दोनशे चाळीस. हडकुळ्याने दोन शिव्या हासडल्या, कोणाला ते कळलं नाही, आणि मग तोही वाकला. त्याचा काटा दोनशे दहावर थांबला.

तपासनिसाने हडकुळ्यानंतर फुंकणी हलवली. टेबलावर आपटली. नळीतून आरपार बघितलं. मागच्या वर्षाची यादी काढून आकड्यांवर बोट फिरवलं.

“बिघडलीय,” तो म्हणाला. “वाटलंच मला. गाडीत आदळली. सगळ्यांचेच निम्म्यावर कसे येतील?” त्याने पेनाचं टोपण काढलं. “राहू दे. मागच्या वर्षीचेच आकडे उतरवतो. तुमच्या टोळीत काही बदल होत नाही. जा कामावर.”

हळूहळू माणसांच्या तोंडावर उजेड पडला. हडकुळ्या हसलाच. खरंही फुंकून झालं होतं आणि नोकरीही राहिली होती. असं फुकटात सुटणं वस्तीतल्या माणसाच्या नशिबी कधी येत नाही. मुकादमाने टोळीला बाहेर काढायला हात केला. वहिनी रिकाम्या होत आलेल्या हंड्यापाशी खाली बसली.

दादा दाराला टेकून उभा होता. त्याने भात्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. या वेळी मात्र काय म्हणायचंय ते अगदी स्वच्छ कळलं.

भात्याला आता काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. सहा वर्षं अकरा वेळा छाती फोडून जे केलं, ते यंदा नुसतं उभं राहून होणार होतं. दादाच्या एकशे ऐंशीवर पेनाने पाचशे चाळीस लिहिलं जाणार होतं, डॉक्टरसाहेब ते वाचणार होते आणि गरम पाणी घे म्हणणार होते.

तो हंड्यापाशी गेला. तळाला चार ओंजळी पाणी होतं. त्याने तोंड धुतलं आणि आत गेला.

“साहेब, माझं राहिलं.”

“बिघडलीय म्हटलं ना.”

“एकदा फुंकून बघतो.”

त्याने फुंकणी उचलली आणि फुंकलं. सोडून नाही, राखून नाही, जेवढं होतं तेवढं. काटा पाचशे ऐंशीवर गेला. तपासनिसाने काट्याकडे बघितलं. मग सहा वर्षांत पहिल्यांदा मान वर करून समोरच्या माणसाकडे बघितलं.

“फुंकणी ठीक आहे,” भाता म्हणाला.

तपासनिसाने यादी ओढून घेतली. “एकशे नऊचा मागच्या वर्षीचा आकडा कोणाचा?”

“माझा.”

“एकशे तीन?”

“माझा.”

“हे सगळे?”

“सगळे. सहा वर्षं.”

बाहेर कोणीतरी पहार टाकली. तपासनिसाचा चेहरा उतरला. त्याला आधी टोळीचा राग आला असावा, पण मग त्याने प्रत्येक पानाखाली बघितलं, तिथे त्याची स्वतःची सही होती. “मी यांना ओळखून सह्या केल्यात,” तो स्वतःशीच पुटपुटला. “समोर उभं करून तपासलं असं लिहिलंय वर.”

“आम्ही उभे होतो साहेब,” मुकादम दारातून म्हणाला. “तुम्ही बघितलं नाही.”

बराच वेळ पेन हवेत राहिलं. मग तपासनीस खरखरीत आवाजात म्हणाला, “यांचे एवढे खाली आणि तुझा एकट्याचा वर कसा? तूही याच तोंडावर काम करतोस ना?”

“नाही,” भाता म्हणाला. “माझी पाळी दादा करायचा.”

तपासनिसाने नव्या यादीत एकशे नऊसमोर एकशे ऐंशी लिहिलं, मग बाकीचे तीन, आणि उरलेल्यांना एकेक करून बोलावलं. सगळ्यांचं लिहून झाल्यावर मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी फाडून दादाच्या हातात दिली. “बाकीचं मला वर कळवावं लागेल,” तो म्हणाला. “तुमचं काय करतील सांगता येत नाही. माझंही.”

खडीची गाडी अकराला निघायची होती. तिच्यात पुढे वहिनी आणि दादा बसले. गाडी सुरू झाली तेव्हा दादाने खिडकीतून हात बाहेर काढला, भात्याने तो धरला, आणि गाडी चालायला लागेपर्यंत दादाने सोडला नाही. चौदा महिन्यांचं काय ते दोघांनीही विचारलं नाही. वहिनी म्हणाली, “डबा घरी झाकून ठेवलाय. जेवा.”

गाडी गेल्यावर भोंगा झाला. माणसं उठली, टोप्या ज्याच्या त्याला मिळाल्या. हडकुळ्या जाताना भात्याच्या अंगाला घासून गेला. त्याला काय बोलायचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

त्या दिवशी तोंडावर दादाची पाळी होती. भात्याने फावडं ढिगावर ठेवलं आणि शिडी चढायला लागला. वर पोचेपर्यंत मुकादम खालून ओरडला, “अरे, तू कुठे? तू खाली. छाती जपायला नको का?”

भात्याने नाकाला फडकं बांधलं, दादाची पहार उचलली. “आता कोणासाठी जपायची?” तो म्हणाला.

यंत्र सुरू झालं. पहिला दगड आत गेला आणि करडं पीठ उसळून त्याच्या धुतलेल्या तोंडावर बसलं. त्याने श्वास धरून ठेवायचा प्रयत्न केला. त्याच्याइतका वेळ श्वास धरणारा माणूस त्या खाणीत दुसरा नव्हता, पण पाळी सहा तासांची होती.